खुलासा: पीसीआरचा जिवाणू ऑक्सिजनवर जगतो

‘पीसीआर चाचणी शक्य झाली ती गरम झऱ्यातल्या, ऑक्सिजन वर्ज्य असलेल्या जिवाणूमुळे’ असा मजकूर सध्या फिरतोय. (पीसीआर म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती बनवण्याची पद्धत.) यातला झरा खरा, ऑक्सिजनचा भाग चुकीचा.

तो जिवाणू म्हणजे थर्मस अ‍ॅक्वाटिकस. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत तो सापडला. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी 1969 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. सुमारे 70 अंश सेल्सिअसला तो जोमाने वाढतो, पण त्याला ऑक्सिजन लागतोच. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत डीएनएचे धागे सुटे करायला मिश्रण 95 अंशांच्या आसपास तापवतात. त्यात प्रती बनवणारं साधं विकर (एन्झाइम) निकामी होतं, दर फेरीला नवं घालावं लागायचं. थर्मसचं विकर टिकतं, एवढीच त्याची करामत. (एवढीच म्हणजे काय, त्यावर प्रयोगशाळा चालतात!)

ऑक्सिजनविना जगणारे उष्णताप्रेमी जिवाणू वेगळे. पाणी जितकं तापेल तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे त्यांचं फावतं. यलोस्टोनमधलाच थर्मोअ‍ॅनारोबॅक्टर इथॅनॉलिकस साखर आंबवून इथेनॉल बनवतो. थर्मोटोगा मॅरिटिमा तर 90 अंशांपर्यंत वाढतो; सूक्ष्मदर्शकाखाली या कांडीसारख्या पेशीच्या दोन्ही टोकांना सैल आवरण फुगलेलं दिसतं.