‘एका ओळीचे काम’ या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायास उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

कळमना बाजारातील आपल्या आडतीवरच्या पावती यंत्राबाबत आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. कीपॅडवर चुकीचे अंक उमटत होते, दुरुस्तीला आठवडा लागला, प्रोग्रामची एक ओळ बदलण्याच्या, म्हणजे ‘एका ओळीच्या कामाचे’ अडीच हजार रुपये घेतले आणि मराठी नावे तरीही आली नाहीत, असे आपले म्हणणे आहे. मृग बहाराच्या संत्र्यांची आवक सुरू असताना आपल्याला हाताने पावत्या फाडाव्या लागल्या, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

मात्र ‘एका ओळीचे काम’ हे शब्द आमच्या पोटावर येणारे आहेत. ते वाचून जुने ग्राहकही आता दराविषयी शंका घेऊ लागले आहेत, म्हणून नेमके काय केले ते सविस्तर लिहिणे भाग आहे.

यंत्र आमच्याकडे आले तेव्हा १, ५ आणि ९ ही बटणे अचूक चालत होती. २ दाबल्यास ४, ३ दाबल्यास ७ आणि ६ दाबल्यास ८ उमटत होते, आणि ० दाबताच सबंध नोंद रद्द होत होती. कर्णावरची बटणे बरोबर आणि बाकीच्यांची आपसात अदलाबदल, याचा अर्थ कीपॅडच्या आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांच्या तारा एकमेकींच्या जागी गेल्या आहेत. हे ओळखायला वेळ लागला नाही. वेळ गेला तो हे कशामुळे झाले ते शोधण्यात, कारण कीपॅडची शीट, म्हणजे बटणांचा पातळ पत्रा, आपण आधीच दुसरीकडून बदलून घेतली होती आणि आम्ही विचारूनही ते पहिल्या दिवशी सांगितले नव्हते. १६ बटणांसाठी पट्टीत आठच तारा असतात, चार ओळींच्या आणि चार स्तंभांच्या. मूळ शीटमध्ये ओळींच्या तारा आधी होत्या, नव्या शीटमध्ये स्तंभांच्या. वरून दोन्ही शीट अगदी सारख्या दिसतात, त्यामुळे विकणाऱ्याला तरी ते ठाऊक होते की नाही, देव जाणे.

आपले भाचे अभियांत्रिकी शिकतात आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (यंत्रात कोणता भाग कोणत्या पिनेला जोडला आहे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ओळी व स्तंभांच्या पिना आपसात बदलल्या की झाले, असे त्यांनी आपल्याला सांगितले. कागदावर ते पटण्यासारखे आहे. परंतु यंत्रातील लिनक्स या कार्यप्रणालीचा मॅट्रिक्स कीपॅड ड्रायव्हर, म्हणजे बटणे वाचणारा प्रोग्राम, स्तंभांवर संकेत सोडतो आणि ओळींवर तो वाचतो, आणि या बोर्डावर पुल-अप रेझिस्टर (बटण दाबलेले नसताना पिनेची पातळी स्थिर ठेवणारे रोधक) फक्त ओळींच्या चार पिनांना लावलेले आहेत. पिना बदलल्या असत्या तर वाचणाऱ्या पिना अधांतरी राहून कोणी हात न लावताही बटणे दाबल्याच्या नोंदी येऊ शकल्या असत्या. आडतीच्या हिशेबात ते कोणाला परवडणार? म्हणून पिना तशाच ठेवून कीमॅप, म्हणजे कोणत्या जागेवरचे बटण कोणते मानायचे याची यादी, बदलला. त्यातील प्रत्येक नोंद ३२ बिटांची असते: वरचे ८ बिट ओळीचा क्रमांक, त्यापुढचे ८ स्तंभाचा आणि उरलेले १६ बटणाचा संकेतांक. हे संकेतांक अंदाजाने भरता येत नाहीत, कारण लिनक्समध्ये १ या बटणाचा संकेतांक २ आहे आणि ० चा ११. मूळ पुरवठादाराने सोर्स, म्हणजे या फाइलचा वाचता येणारा मूळ मजकूर, दिलेला नसल्यामुळे यंत्रातील तयार फाइल आधी उलगडावी लागली आणि दुरुस्त करून पुन्हा बांधावी लागली. १६ पैकी १२ नोंदी बदलल्या, एक नव्हे.

त्यानंतर नव्या शीटवर २ एकदा दाबले तरी कधीकधी २२ उमटत असल्याचे दिसले. त्यासाठी डिबाउन्सचा अवधी, म्हणजे एक दाब दोनदा मोजला जाऊ नये म्हणून यंत्र थांबते तो वेळ, १० मिलिसेकंदांवरून ३० वर नेला. तो याहून वाढवला तर भरभर टंकणाऱ्याचे अंक गळू लागतात, आणि आपल्या दिवाणजींचा हात किती वेगाने चालतो हे आपण जाणताच. म्हणून त्यांनाच बोलावून चाचणी घेतली. आठवड्याविषयी बोलायचे तर मधल्या काळात आवक वाढली म्हणून आपणच यंत्र अर्धवट अवस्थेत परत नेले होते, याचा उल्लेख अभिप्रायात नाही. बिलात दिवाणजींसोबतची चाचणी आणि आडतीवर येऊन केलेली जोडणी धरलेली आहे.

मराठी नावांचे काम या बिलात नव्हतेच. कीबोर्ड जोडून इनस्क्रिप्ट या टंकनपद्धतीचा कीमॅप चढवला तर ‘वऱ्हाड’मधला ऱ शिफ्ट आणि J ही बटणे दाबून टंकता येईल, पण या यंत्राच्या साध्या कन्सोलवर (केवळ अक्षरे दाखवणाऱ्या पडद्यावर) जोडाक्षरे नीट जुळत नाहीत, ती पावतीच्या प्रोग्राममध्येच जुळवून दाखवावी लागतील आणि तो प्रोग्राम आमचा नाही.

यापुढे कामाचा अंदाज आधी लेखी देण्याचा आणि फोनवर अधिक तत्परतेने बोलण्याचा आमचा प्रयत्न राहील. आपल्या यंत्राच्या जुन्या आणि नव्या कीमॅपच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या आहेत. पुढे मूळ पद्धतीची शीट मिळाली तर जुनी फाइल परत चढवावी लागेल, तेवढे आम्ही विनाशुल्क करून देऊ. मात्र शीट बदलण्याआधी एक फोन करावा, ही विनंती.