झाडं मोजली, रान कुणी मोजलं?

4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी होणाऱ्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती. हा आकडा अनेकांना पाठ आहे. पण त्या झाडांखालचं गवत, झुडपं, वेली, कंद यांचं काय? त्यांचा हिशोब कुणी मागितलाच नाही.

शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितलं. चांगलंच झालं. पण हिशोब वयाचा आणि संख्येचा. मग चाळीस वर्षांचा उंबर आणि चाळीस वर्षांचा गुलमोहर सारखेच! गुलमोहर मूळचा मादागास्करचा. उंबराच्या खोडाला फळं लगडली की तांबट, बुलबुल, वटवाघळं सगळी त्यावर जगतात. हे दोन्ही एका तागडीत कसे घालता?

आणि शेवळं ही रानभाजी? पहिल्या पावसात जमिनीतून वर येतात, एरवी कंद मातीखाली गप्प. मार्चमध्ये सर्वेक्षण केलं तर कागदावर तिथे ‘मोकळी जागा’. आपल्या आदिवासी पाड्यांतल्या बायका पिढ्यानपिढ्या अशा जागांवरून शेवळं, टाकळा, कुर्डू खुडत आल्या आहेत. जेसीबी फिरला की ते ताट गेलं, आणि त्यासाठी झाडतोडीला परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाला विचारावंही लागत नाही.

झाडं न मोजता अख्खं रान राखता येत नाही, असं कुणी म्हणू नये. कांदळवनांच्या बाबतीत केलंय ना! 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने खोडं मोजत न बसता अख्खं कांदळवन आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितला. सार्वजनिक प्रकल्पालासुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. हीच नजर डोंगरउतारावरच्या रानाला का नाही?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर वॉर्डात झाडतोडीची नोटीस लागली की हरकत लेखी द्या. मुदत साधारण सातच दिवसांची असते. ‘झाडं वाचवा’ एवढंच लिहू नका. झाडाची जात, त्यावरची घरटी, खाली काय उगवतं, पावसाळ्यात पाहिलंय का, ते लिहा, फोटो जोडा. सुनावणी मागा आणि पोच घेतल्याशिवाय उद्यान खात्यातून हलू नका.