टेकडी म्हणायचं नाही

कोल्हापुरात पाव्हणा आला की कार्यक्रम ठरलेला असतोय. पहिल्या दिवशी अंबाबाई, मिसळ, दुपारी मटण, मग लागंल तेवढी झोप, संध्याकाळी रंकाळा, आणि दुसऱ्या दिवशी ज्योतिबा-पन्हाळा. पहिला दिवस कायम निर्विघ्न पार पडतो कारण पुढ्यात रस्सा असला की वाद घालायला तोंड मोकळं नसतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. केर्लीच्या पुढं गाडी वळली की पाव्हणा काचेतनं वर बघतो आणि अगदी चांगल्या मनानं म्हणतो, "वा, छान आहे हो टेकडी."

झालं. मागच्या सीटवर आमचे मामा बसलेले असतात.

मामा तसे शांत. राजकारणात कुणाची बाजू घेत नाहीत, क्रिकेटमध्ये घेत नाहीत, पेठांच्या फुटबॉलमध्ये थोडी घेतात. पण ज्योतिबाला कुणी टेकडी म्हणलं की गाडी बाजूला घ्यायला लावतात. गाडी मी चालवत असतो हे वेगळं सांगायला नको. ड्रायव्हर मी, गाईड मी, वादात दोन्हीकडनं साक्षीला पण मीच.

यंदा तर एकाच गाडीत दोन पाव्हणे. एक आमचे दाजी, नाशिकचे. दुसरा आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा पोरगा, शिरोली एमआयडीसीत कामाला, गाव जोशीमठ. ही जोडी मामांच्या दोन्ही बाजूला बसवायची आयडिया बायकोची, आणि ती स्वतः पुढच्या सीटवर लेकीला मांडीवर घेऊन शेंगा खात बसलेली.

सुरुवात दाजींनी केली. "टेकडी म्हणजे वाईट अर्थानं नाही मामा, पण आमच्याकडं कळसूबाई आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, ते बघितल्यावर मग..." आणि त्यांनी पुढचं वाक्य हातानंच सपाट करून दाखवलं.

"जावयबापू, कळसूबाईला चढायचं कुठनं?"

"बारी गावातनं."

"बारी कुठल्या जिल्ह्यात?"

दाजी खिडकीबाहेर बघायला लागले. बारी अकोले तालुक्यात, म्हणजे नगर जिल्हा, आताचं अहिल्यानगर, आणि शिखर बरोबर दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर. "म्हणजे घाम गाळायचा नगरात आणि मिरवायचं नाशकात," मामा म्हणाले. दाजींनी मग साल्हेर काढला, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आख्खा बागलाण तालुक्यात, हद्दीची भानगड नाही. त्यावर मामांनी हात जोडले. १६७२ ला महाराजांच्या फौजेनं साल्हेरला मोगलांना उघड्या मैदानात लोळवलं, त्यामुळं साल्हेरविषयी मामा वाकडं बोलत नाहीत, किल्ल्यांच्या बाबतीत त्यांचं असं असतंय.

इथं विषय मिटला असता. पण जोशीमठवाल्यानं हळूच तोंड उघडलं. "मामाजी, हमारा तो बस अड्डा ही कळसूबाई से ऊँचा है." ते खरं आहे, जोशीमठ गावच अठराशे मीटरच्या वर, आणि त्यांच्या जिल्ह्यात नंदादेवी, ७८१६ मीटर. मग त्यानं समोर बघितलं, बिचारा खोटं बोलू शकत नव्हता, म्हणाला, "ये तो टीला हुआ ना." गाडीत अशी शांतता पसरली की शेंगा फोडल्याचा आवाज मोठा वाटायला लागला.

अशा वेळी आमची लेक मोबाईल काढते. तिनं शोधून सांगितलं की विलायतेत साधारण दोन हजार फुटांच्या वर गेलं की माऊंटन म्हणायची पद्धत आहे. मामा एकदम सावरून बसले. ज्योतिबा समुद्रापासून तीन हजार फुटांच्या वर, पन्हाळापण तसाच, म्हणजे दोन्ही पास. पास काय, डिस्टिंक्शन. खुद्द ब्रिटनमधला सगळ्यात उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, म्हणजे दाजींच्या कळसूबाईनं त्यालापण तीनशे मीटरनं मागं टाकलं, त्यामुळं दाजीपण खूश. मीच मध्ये घाण केली. म्हणलं मामा, समुद्रापासनं मोजायचं तर आपलं कोल्हापूर शहरच अठराशे फुटांवर आहे, म्हणजे शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी सगळं मिळून पर्वत व्हायला फक्त दोनशे फूट कमी पडतंय. मला वाटलं ह्या हिशोबातला फोलपणा त्यांच्या लक्षात येईल. मामा म्हणाले, "बघा की राव, थोडक्यात हुकलं."

मग नियमांची रांगच लागली. ऑस्ट्रेलियात माऊंट वायचेप्रूफ म्हणून एक आहे, आजूबाजूच्या जमिनीपासून ४३ मीटर, आणि ते लोक त्याला जगातला सगळ्यात बुटका पर्वत म्हणून अभिमानानं मिरवतात. अमेरिकेत सरकारी भूगर्भ खातंच म्हणतंय की टेकडी आणि पर्वत यात अधिकृत फरक काही नाही. हे ऐकून मामांना अमेरिकेविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. दाजी पेपर वाचणारे, त्यांनी अरवलीचं काढलं. २०२५ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं भोवतालच्या जमिनीपासून शंभर मीटर उंच असंल तरच अरवलीतली टेकडी धरायची ही व्याख्या मान्य केली, केवढा गदारोळ झाला, आणि डिसेंबरात कोर्टानंच तो निकाल थांबवला. तिथं गंमत नव्हती, व्याख्येत बसलं नाही की खाणवाले आलेच. ह्या एका मुद्द्यावर गाडीतल्या सगळ्यांचं एकमत झालं आणि ते जवळजवळ एक किलोमीटर टिकलं.

तोडलं लेकीनं. तिनं एव्हरेस्ट काढला, ८८४८.८६ मीटर, २०२० ला नेपाळ आणि चीननं मिळून जाहीर केलेली उंची. मामांना दशांशानंतरचं खटकलं. "ते ८६ कशाचं?" लेक म्हणाली वरचा बर्फ धरून आहे. मामा ताडकन, "बर्फ धरत्यात? मग आमची सासनकाठी धरा की!" चैत्रात ज्योतिबाला ज्या काठ्या नाचवत नेतात त्या ज्यांनी बघितल्यात त्यांना कळंल, ही काय लहानसहान वाढ नव्हे. शिवाय एव्हरेस्ट समुद्रापासनं मोजणं हीच मुळात लबाडी असं मामांचं म्हणणं, कारण तिबेटचं पठारच साडेचार हजार मीटरवर, म्हणजे निम्मी उंची आयती मिळालेली. पायथ्यापासनं मोजा म्हणाले. लेकीनं लगेच हवाईतला मौना केआ दाखवला, समुद्राच्या तळापासनं मोजला तर दहा हजार मीटरच्या वर, एव्हरेस्टपेक्षा उंच. मामा खूश. मग ती म्हणाली, आजोबा, ज्योतिबापण पायथ्यापासनं मोजू का? मामा म्हणाले, "ज्योतिबा समुद्रापासनंच मोजायचा."

मला तर त्या दिवशी पटलं की डोंगर मोजायची टेप कुठनं धरायची हे ज्याचं त्याचं गाव ठरवतंय. दाजी जिल्ह्याच्या हद्दीपासनं धरतात, जोशीमठवाला बर्फापासनं, मामा सोयीनं.

आणि बायको कोकणातनं. ती वैभववाडीची, गगनबावड्याचा घाट उतरला की तिचं माहेर. इतका वेळ शेंगा खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडून बघितलं तर तुम्ही सगळे डोंगरावरच राहता, त्यात परत डोंगर कसला शोधताय?" खरं तर भूगोलाच्या मास्तरांनी हेच शिकवलं होतं, साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं आणि सह्याद्री म्हणजे त्या पठाराची कोकणाकडची तुटलेली कड. गगनबावड्याला आपण सपाटीवरनं उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करत जातो आणि अचानक पुढचा रस्ता खाली पडतो. कोकणातल्या माणसाला तीच कड आभाळाला टेकलेली भिंत दिसते. मामा जरा विचारात पडले. सुनेच्या माहेराला उलट बोलायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम.

शेवटी गाडी खाली लावून गायमुखाच्या बाजूनं पायी चढायचं ठरलं. एप्रिल महिना, ऊन असलं की गुलालपण पांढरा पडंल. जोशीमठवाला पोरगा पहिल्या टप्प्यात पुढं पळाला आणि दुसऱ्या टप्प्यात सावलीत बसलेला सापडला. म्हणाला चढाचा प्रॉब्लेम नाही मामाजी, गर्मीचा आहे. मामा म्हणाले, "ते वर जाऊन देवाला सांग." स्वतः मामा मात्र गुडघ्याचं कारण सांगून दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीतनं वर आले होते आणि चांगभलं म्हणत आमच्या स्वागताला उभे होते. ह्याविषयी गाडीत कुणी काही बोललं नाही, मामांना बोलायला वयाचं कोण नव्हतं.

दर्शन झाल्यावर पन्हाळा. तीन दरवाजापाशी मामांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "टेकडी काय? सिद्दी जौहरला विचारा. १६६० ला चार महिने वेढा घालून खाली बसला होता, एवढी फौज, एवढ्या तोफा, वर यायला जमलं न्हाई. आणि ज्या रात्री महाराज निसटले त्या पावसात विशाळगडापर्यंत पळून दाखवा, मग टीला म्हणा." पोरगा खरंच गप्प झाला. बाजीप्रभूंचं नाव त्याला माहीत नव्हतं, ते दाजींनी सांगितलं, अगदी मन लावून, मध्ये एकदापण नाशिक आलं नाही.

मग भुका लागल्या. झुणका-भाकरीच्या टपरीवर बसलो आणि मामांनी, जिंकत आलेला डाव सोडून द्यायचा की नाही, पण नाही, टपरीवाल्या मावशींनाच पंच केलं. "मावशी, तुमी सांगा, ह्यो डोंगर का टेकडी?"

मावशी भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पाण्याची बाटली खाली वीसला हाय, हितं पंचवीसला. आता तुमीच ठरवा."

दाजी लगेच म्हणाले, "कळसूबाईवर चाळीसला देतात."

जोशीमठवाल्यानं नुसतं तोंड उघडलं होतं, तोवर मामा म्हणाले, "मावशी, आमच्या पाच बाटल्या पन्नासनं लावा."

पाकीट माझ्याकडं होतं.