बाउल जिंकला म्हणून कॉलेजची फी कमी होत नाही, टीव्हीचे पैसे नक्की जातात कुठे ते बघा

गेल्या महिनाभरात एकच फॉरवर्ड मला तीन ठिकाणांहून आला, आणि शेवटी पुण्याहून माझ्या सख्ख्या भावाने पाठवला तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलची टीम डिसेंबर-जानेवारीत बाउल गेम (म्हणजे सिझन संपल्यावरची खास मॅच) जिंकली की टीव्ही कंपनी त्या कॉलेजला करोडो डॉलर देते, वरचा मोठा वाटा एनसीएए (कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संस्था) खाते, बाउलला नुसतं पोचलं तरी फायदाच होतो, छोट्या कॉलेजलाही तेवढीच संधी असते, आणि या पैशातून मुलांची फी कमी होते म्हणून मुलांना फुटबॉलमध्ये तगड्या असलेल्या कॉलेजला पाठवा. हे शेवटचं नसतं तर मी सोडून दिलं असतं. पण पुतणी पुढच्या वर्षी इकडे अमेरिकेत शिकायला यायचं म्हणतेय आणि भाऊ खरोखर टीमचं रँकिंग बघत बसलाय. लोक घर गहाण ठेवून मुलांना पाठवतात हो, त्यांच्या हातात असलं काही देऊ नका.

मी ओहायोत कोलंबसला राहतो, बरीच वर्षं झाली, इथे शनिवारी मॅच असली की भाजी आणायला गेलं तरी कोणीतरी "ओ-एच" ओरडतं आणि समोरून अनोळखी माणूस "आय-ओ" म्हणतो, त्यामुळे या खेळाबद्दल मला प्रेम आहे आणि म्हणूनच त्याच्या पैशाबद्दल चुकीचं पसरलेलं बघवत नाही.

पहिला मुद्दा, "जिंकला त्याला पैसे". 20 जानेवारी 2025 ची कॉलेज फुटबॉलची फायनल घ्या. अटलांटामध्ये आमच्या ओहायो स्टेटने नोत्र डेमला 34-23 हरवलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घरात आम्ही दहा-बाराजण, मधे मिसळ, आणि शेवटच्या शिट्टीनंतर एका मित्राने विचारलं की आता किती मिळाले आपल्या कॉलेजला? तर हिशोब असा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे 12 टीमच्या प्लेऑफमध्ये (सिझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत) निवड झाली की 40 लाख डॉलर, क्वार्टर फायनल गाठली की अजून 40 लाख, सेमीला 60 लाख, फायनलला 60 लाख. म्हणजे फायनलपर्यंत आलेल्या टीमच्या नावावर एकूण 2 कोटी, आणि लक्षात घ्या, फायनल जिंकण्याचे वेगळे काहीच नाहीत, पोचण्याचे आहेत. आता हे 2 कोटी ओहायो स्टेटच्या खात्यात गेले का? नाही. ते गेले बिग टेन कॉन्फरन्सला, म्हणजे कॉलेजांच्या एका गटाला, ज्याचे तेव्हा 18 सभासद. कॉलेजला हातात मिळाले ते प्रत्येक फेरीच्या प्रवास-मुक्कामासाठीचे 30 लाख. आणि हरलेलं नोत्र डेम? ते फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सचं सभासद नाही, त्यामुळे त्यांचे 2 कोटी कोणाशी वाटायची गरजच नव्हती, सगळे त्यांचे. जिंकणाऱ्याने वाटून घेतले आणि हरणाऱ्याने एकट्याने ठेवले. हे एक उदाहरण नीट डोक्यात बसलं तर फॉरवर्डचा निम्मा भाग तिथेच गळून पडतो.

त्याच मॅचच्या आधीच्या दोन फेऱ्याही बाउलच होत्या बरं का. ओहायो स्टेट क्वार्टर फायनल रोज बाउलमध्ये खेळली, सेमी कॉटन बाउलमध्ये. नोत्र डेम शुगर आणि ऑरेंज. म्हणजे आता मोठे सहा बाउल हे प्लेऑफच्याच पोटात आहेत, त्यांचा टीव्हीचा पैसा वेगळा काढून बघताच येत नाही.

"टीव्ही कंपनी कॉलेजला देते" हेही चूक, आणि इथे जरा थांबतो कारण सगळी गोम इथेच आहे. बाउलसाठी टीव्हीवाल्यांचा करार कॉलेजशी होत नाही. छोट्या-मधल्या बाउलचं असं असतं की बाउल भरवणारी संस्था टीव्हीचे हक्क विकते, नावासाठी स्पॉन्सर शोधते, तिकिटं विकते, आणि त्यातून ठरलेली रक्कम कॉन्फरन्सला देते, कारण अमुक कॉन्फरन्सची अमुक नंबरची टीम अमुक बाउलला जाणार हे करारात आधीच बांधलेलं असतं. कॉन्फरन्स त्यातून खेळायला गेलेल्या टीमचा खर्च भागवते आणि उरलेलं सभासदांत वाटते. मोठ्या बाउलचं तर अजून स्पष्ट होतं. 2014 पासूनच्या 12 वर्षांच्या करारात ईएसपीएन ही खेळांची टीव्ही कंपनी एकट्या रोज बाउलसाठी वर्षाला साधारण 8 कोटी डॉलर मोजायचं आणि ज्या वर्षी तिथे सेमीफायनल नसेल त्या वर्षी ते बिग टेन आणि पॅक-12 या दोन कॉन्फरन्समध्ये निम्मे-निम्मे जायचे, मैदानात कोण जिंकलं याचा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता.

आपल्याकडे गावात दूध संघात दूध घातलं की निदान फॅट बघून दर मिळतो. इथे बऱ्याच कॉन्फरन्समध्ये फॅट कोणी बघत नाही, सभासद असलं की झालं. एसईसी ही दक्षिणेकडची कॉन्फरन्स, 2023-24 च्या वर्षात तिने 16 कॉलेजांत मिळून 80.84 कोटी डॉलर वाटले, त्यातल्या पूर्ण वाटा मिळालेल्या 14 कॉलेजांना सरासरी प्रत्येकी साधारण 5.25 कोटी. त्या सिझनला त्यांच्यातल्याच व्हँडरबिल्टने 12 पैकी 10 मॅच हरल्या, कॉन्फरन्समधल्या आठच्या आठ हरल्या, बाउलचं नावच नको, तरी वाटा बाकीच्यांसारखाच. आणि त्या 80.84 कोटींमध्ये जी टीम प्रत्यक्ष बाउल खेळली तिने स्वतःकडे ठेवलेले असे पैसे किती? सगळ्या टीमचे मिळून 1.86 कोटी. बाकीचं कॉन्फरन्सच्या ऑफिसातून वाटलेलं, ज्यात सिझनभराच्या मॅचचे टीव्ही हक्क हा सगळ्यात मोठा भाग.

सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही. एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्सने 2024-25 पासून नियम बदलला, ज्याने प्लेऑफ गाठला त्याने ते पैसे ठेवायचे, कारण फ्लोरिडा स्टेटसारखी मोठी कॉलेजं नाराज होती आणि त्यांना थांबवून ठेवायचं तर काहीतरी द्यावंच लागणार होतं. त्याच एसीसीत यायला डॅलसच्या एसएमयू या विद्यापीठाने काय कबूल केलं माहितेय? नऊ वर्षं कॉन्फरन्सच्या टीव्हीच्या पैशातला वाटा नको! सभासदत्वाची किंमत किती आहे ते यावरून समजा. मैदानावरच्या एका विजयासाठी कोणी नऊ वर्षांचं उत्पन्न सोडत नाही, पंगतीत पान मिळावं म्हणून सोडतं.

एनसीएएचा मुद्दा पटकन संपवतो. वरच्या पातळीच्या फुटबॉलमध्ये प्लेऑफ किंवा बाउलच्या टीव्ही करारातून एनसीएएला पैसे जातच नाहीत. 1984 मध्ये ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी केलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा निकाल देऊन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरचा एनसीएएचा ताबा काढून घेतला. प्लेऑफची मालकी दहा कॉन्फरन्स आणि नोत्र डेम यांची आहे. एनसीएएची बहुतेक कमाई मार्चमधल्या बास्केटबॉलच्या स्पर्धेतून होते. एनसीएएवर राग काढायला बाकी कारणं भरपूर आहेत, हे त्यातलं नाही.

आता "नुसतं पोचलं तरी फायदा". हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण कनेक्टिकट विद्यापीठाचं काय झालं ते माझ्या अजून लक्षात आहे. 1 जानेवारी 2011, फिएस्टा बाउल, समोर ओक्लाहोमा. कॉलेजच्या इतिहासातली सगळ्यात मोठी मॅच, पण ती ॲरिझोनात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. बाउलची अट अशी की कॉलेजने 17,500 तिकिटं घ्यायचीच, विकली जावोत न जावोत. लोकांनी काय केलं, कॉलेजकडून पूर्ण किमतीत घेण्यापेक्षा ऑनलाइन तीच तिकिटं स्वस्तात मिळत होती तिथून घेतली. कॉलेजची विकली गेली 2,771. उरलेली 14,729 तिकिटं त्यांच्याच गळ्यात. वर टीम, बँड, सगळ्यांची विमानं आणि मुक्काम. कॉन्फरन्सने खर्चासाठी दिलेले पैसे धरूनही 16 लाख डॉलरच्या वर खड्डा पडला, आणि मॅच 48-20 हरले ते वेगळंच. त्याच 2011 मध्ये फिएस्टा बाउलच्या प्रमुखाला गैरव्यवहारावरून काढलं, चौकशीत निघालं की पेबल बीचला त्याच्या वाढदिवसावर 33,000 डॉलर उडवले होते. एकीकडे कॉलेज रिकाम्या खुर्च्यांचे पैसे भरतंय आणि दुसरीकडे हे. तेव्हापासून तिकिटांच्या अटी सैल झाल्या आहेत, काही कॉन्फरन्स न विकलेल्या तिकिटांचा भार स्वतः घेतात, पण छोट्या बाउलचा पैसा आजही इतका किरकोळ असतो की टीम, बँड घेऊन आठवडाभर राहिलं की हातात फार उरत नाही.

मग हे एवढे बाउल भरवतात कशाला? टीव्हीसाठी. डझनाहून जास्त बाउल तर ईएसपीएनच्याच मालकीचे आहेत. नाताळच्या सुट्टीत लोक घरी असतात, टीव्ही चालू असतो, मॅच हवी. स्टेडियम अर्धं रिकामं असलं तरी त्यांचं काम होतं.

"छोट्या कॉलेजलाही तेवढीच संधी". खेळायची संधी म्हणत असाल तर थोडी खरी आहे, बॉइझी स्टेटने 2024 ला प्लेऑफ गाठून दाखवला, पहिल्या फेरीत बायसुद्धा मिळाली, म्हणजे न खेळता थेट पुढची फेरी. पैशाचं म्हणाल तर बिलकुल नाही. ईएसपीएनचा प्लेऑफसाठीचा नवा करार 2026 पासून सहा वर्षांचा, वर्षाला साधारण 130 कोटी डॉलरचा. त्याचे वाटे मॅच खेळायच्या आधीच ठरलेत: बिग टेन आणि एसईसी प्रत्येकी जवळपास 29 टक्के, एसीसी 17 च्या आसपास, बिग 12 ला 15 च्या आसपास, आणि खालच्या बाकीच्या कॉन्फरन्स, म्हणजे साठच्या वर कॉलेजं, सगळ्यांना मिळून 9 टक्के. कॉलेजमागे बघा, वरच्या दोन कॉन्फरन्समध्ये वर्षाला 2.1 कोटींच्या वर आणि खालच्यांना 18 लाख. बारापट फरक, तोही एकही चेंडू न फेकता.

राहिली फी. एनसीएएच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे 2019 मध्ये वरच्या पातळीच्या सुमारे 130 कॉलेजांपैकी फक्त 25 मध्ये खेळ विभागाचं उत्पन्न खर्चापेक्षा जास्त होतं. बाकीच्या ठिकाणी तूट भरून कोण काढतं? विद्यापीठ, आणि बऱ्याच ठिकाणी थेट विद्यार्थी. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसनमध्ये खेळांसाठी म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्षाला 2,000 डॉलरच्या वर घेतले जातात, मॅच बघा नाहीतर नका बघू. आणि जिथे पैसा खरंच येतो तिथे तो कोचचे पगार, स्टेडियम, बाकीचे खेळ यात जातो, आणि 2025 च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर खेळाडूंनाही, कॉलेजमागे पहिल्या वर्षी 2.05 कोटींपर्यंत. त्यांनी घाम गाळलाय, त्यांना मिळायलाच हवेत. पण त्यातून तुमच्या मुलीची फी कमी व्हायला काही उरत नाही.

भावाला काल फोनवर म्हटलं, रँकिंगची टॅब बंद कर आणि त्या तीन कॉलेजांचं फीचं पान उघड, ट्यूशनच्या खाली बारीक अक्षरात बाकीच्या फी असतात, त्यात खेळांसाठीची ओळ शोध. एका ठिकाणी सापडली. तो थोडा वेळ गप्पच होता, मग म्हणाला, "दादा, हे तर आपल्यालाच भरायचंय की."