बागायतीत सोडलेला ससा

गणेशचवथीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यात डिचोलीजवळच्या एका गावातून फोन आला. "बाय, आमच्या बागायतीत पांढरा ससा बसलाय. जवळ गेलं तरी हलत नाही." टोपली आणि जुना टॉवेल घेऊन गेले. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, चिकटून बसला होता. मागचा भाग चिखलाने लडबडलेला, आणि केस बाजूला केले तर आत अळ्या. पावसाळ्यात ओल्या, घाण केसांत माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या जिवंत मांस खायला लागतात. डॉक्टर आणि मी दीड तास चिमट्याने एकेक अळी काढत होतो. ससा सहसा ओरडत नाही. दुखलं की गप्प बसतो आणि दात करकर वाजवतो. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

जोडीला दुसराही होता. त्याचे काजूखाली फक्त केस सापडले.

सोडणारं घर कळलं. माणसं वाईट नाहीत. काकी म्हणाल्या, "मारले नाहीत गो आम्ही, निसर्गात सोडले." ही पोस्ट त्या एका वाक्यासाठी लिहितेय, कारण वेगवेगळ्या घरांत मी ते पुन्हा पुन्हा ऐकलंय आणि दर वेळी बोलणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपण दया केली.

आपल्या रानात दिसणारा ससा आणि दुकानातला ससा ही दोन वेगळी जनावरं आहेत. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, उघड्यावर वाढतात. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीत बिळं करून कळपाने राहणारे. त्याची पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची जन्मतात. त्यातून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पांढरा रंग जोपासला. हिरव्यागार बागायतीत तो पांढरा गोळा मुंगसाला, अजगराला, गावच्या कुत्र्यांना लांबून दिसतो. पळायचं कुठे, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

या घरात दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिले होते. लहान पिल्लांत नर-मादी ओळखताना जाणत्यांचीही चूक होते. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, तीस-एकतीस दिवसांत विते आणि व्याली त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. सहा पिल्लं झाली, ती शेजारीपाजारी वाटली. पुन्हा सात झाली, तेव्हा घ्यायला कोणी उरलं नाही. त्यात चवथ तोंडावर, घरात पाहुणे येणार, पिंजऱ्याचा वास. मला त्यांची अडचण कळते. पण ससा आठ-दहा वर्षं जगतो, हे विकत घेताना त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मुलाचा हट्ट सहा महिन्यांत संपला.

मग विचारतात, रेस्क्यूवाले घेत का नाहीत? अहो, गोव्यातली बहुतेक निवारा केंद्रं कुत्री-मांजरं आणि जखमी गुरांसाठी उभी राहिलीत. ससा हे शिकार होणारं जनावर. बाजूला दिवसभर कुत्री भुंकत असली की तो भीतीने खाणं सोडतो. बारा तास पोटात काही गेलं नाही तरी त्याची आतडी थांबायला लागतात, आणि मग वाचवणं कठीण. त्याला वेगळी शांत खोली लागते, आणि आपल्या मे महिन्यात पंखा, गार फरशी. सतत वाढणारे दात झिजायला दिवसभर चांगलं वाळलं गवत लागतं, भाताचा पेंढा त्याला पुरत नाही. गाजर हा खाऊ आहे, जेवण नव्हे. कुत्र्याला चालतं म्हणून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडातून दिलं तर पोटातले उपयोगी जंतू मरून ससाच जाऊ शकतो. सशाची जाण असलेला डॉक्टर शोधताना आम्ही पणजी, म्हापसा, मडगाव पालथं घालतो. म्हणून ससे आमच्यासारख्यांच्या घरीच ठेवावे लागतात. माझ्या मागच्या खोलीत आत्ता पाच आहेत. सहाव्याला "नाही" म्हणताना मला रात्रभर झोप लागत नाही, तरी म्हणावं लागतं.

उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एका जिवाची किंमत अजून तीच ठेवलीय, याचा मला संताप येतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, नोंदणी सक्तीची आहे. दुकानात गेलात तर नोंदणीचा कागद मागा. नर-मादी एकत्र ठेवलेत का, तेही बघा.

ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी निदान नराचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. मादीचंही करा, वय वाढतं तसा तिला गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो. तोवर दोघांना वेगळं ठेवा. नकोसा झाला तर मला आधी लिहा, महिनाभर आधी. घर शोधायला वेळ लागतो. एका रात्रीत मला ते जमत नाही.

गडग्याजवळचा तो आता बरा आहे. जखम भरली, कोथिंबीर हातातून ओढून घेतो. जोडीदार गेल्यापासून कोपऱ्यात जास्त बसतो, म्हणून त्याला दुसऱ्या सशाची सोबत असलेलं घर हवंय. कुत्रं नसलेलं, पायाखाली तारेच्या जाळीऐवजी सपाट जमीन असलेलं. घरी येऊन बघून मगच देईन. इनबॉक्समध्ये लिहा.