लिंबूपाण्याने एच. पायलोरी मरत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशाचा सारांश असा: आम्ल म्हणजे धनभारित हायड्रोजन आयन, असे आयन (विद्युतभारित कण) जीवाणूंची एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, बंद पाडतात. म्हणून उपाशीपोटी लिंबूपाणी किंवा ॲपल सायडर व्हिनेगर घ्या, तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या. पोटातला एच. पायलोरी, म्हणजे जठरात राहून अल्सर घडवू शकणारा जीवाणू, मरेल, अँटिबायोटिक्स नकोत.

‘आयन एन्झाइम बंद पाडतात.’ परीक्षानळीत पाडतात. एच. पायलोरीचं युरिएज, म्हणजे युरिया फोडणारं एन्झाइम, वेगळं काढून तीव्र आम्लात टाकलं तर ते कायमचं बिघडतं. पण जिवंत जीवाणूत ते मुख्यतः पेशीच्या आत असतं आणि आतल्या आवरणात युरेआय नावाची वाहिनी असते. बाहेर हायड्रोजन आयन वाढले की ही वाहिनी उघडते, युरिया आत शिरतो, युरिएज त्याचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. अमोनिया हायड्रोजन आयन पकडून अमोनियम होतो आणि जीवाणूभोवतीचं आम्ल शमतं. थोडक्यात, आम्ल वाढलं की युरिएजचं काम थांबत नाही, उलट जोर धरतं. आम्ल ओसरलं की वाहिनी मिटते, नाहीतर स्वतःच्याच अमोनियाने जीवाणूचं नुकसान होईल.

मुळात लिंबू नवं काय आणणार? उपाशीपोटी जठररसाचा सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण 1.5 ते 2 असतो. लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5, आणि पेलाभर पाण्यात तो आणखी सौम्य होतो.

‘धनभारित आयन म्हणजे शत्रू.’ मग निकेलचं काय? युरिएजच्या क्रियास्थानी दोन निकेल आयन लागतात. ते नसतील तर एन्झाइम निरुपयोगी. हा जीवाणू निकेल साठवायला खास प्रथिनं बाळगतो. नुसत्या भारावरून काहीच ठरत नाही. कोणता आयन कुठे जाऊन बसतो, ते बघावं लागतं.

तांब्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. तांब्याचे आयन युरिएजमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला चिकटून त्याला खरंच रोखतात, पण प्रयोगशाळेत. पोटात अन्नातली प्रथिनंही तांबं बांधतात आणि जीवाणू श्लेष्माच्या थरात दडलेला असतो. प्रत्यक्ष उपचारात बिस्मथ हा धातू वापरतात, तोही आम्लरोधक आणि अँटिबायोटिक्सच्या जोडीने, बहुधा 14 दिवस.

आणि हा जीवाणू शोधण्याच्या श्वासचाचणीत रुग्णाला खुणेचा कार्बन असलेला युरिया देतात; युरिएजने तो फोडला की तो कार्बन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये दिसतो. अनेक ठिकाणी त्यासोबत सायट्रिक आम्लही पाजतात, म्हणजे लिंबात असतं तेच. कारण त्याने युरिएजची क्रिया जास्त ठळक दिसते.