खाडीत आणली म्हणून होडी वाचत नाही

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ठाणे-नवी मुंबईच्या होडीवाल्यांमध्ये एक निरोप फिरू लागतो. मुंबईवर चक्रीवादळ येत नाही. तरी काळजी वाटली तर शिडाची होडी ठाण्याच्या खाडीत आणा, दोन नांगर टाका, दोर कडक ताणा, शिडं घट्ट गुंडाळा आणि रात्रभर होडीवरच थांबा, असा त्याचा मजकूर. गेल्या वर्षी पहिली होडी घेतलेल्या एका मुलाने तो मला विश्वासाने पाठवला, म्हणून हे लिहितोय.

‘वादळ येत नाही’ हे एका ओळीत खोडता येतं: नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ३ जून २०२० ला निसर्ग. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईला नुसतं बाजूने घासून गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

‘खाडीत आणा’ यामागे खाडी बंदिस्त आहे हा समज. नकाशा उघडून बघा. ठाण्याची खाडी उत्तर-दक्षिण पसरली आहे आणि तिचं तोंड दक्षिणेला, बंदराकडे उघडं आहे. आपल्याकडचं वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. ते पश्चिमेकडून उत्तरेला सरकलं, तर वारा आधी पूर्वेचा असतो आणि फिरत फिरत दक्षिणेचा होतो. म्हणजे सकाळी जी जागा आडोशाची वाटली, तिथेच दुपारी वारा सरळ खाडीच्या लांबीने आत येतो. त्या वेळी ओहोटी असेल तर पाणी बाहेर, वारा आत. लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेच वादळ निसर्गसारखं दक्षिणेला जमिनीवर चढलं, तर वारा उलटा फिरून उत्तरेचा होतो. म्हणून होडी कुठे ठेवायची हे वादळाचा मार्ग पाहून ठरवायचं आणि ते दोन दिवस आधी. ऐनवेळी ऐरोलीकडे पळू म्हणाल, तर वाटेत वाशीचे पूल आहेत आणि होडीवर उंच डोलकाठी आहे.

सगळ्यात घातक सल्ला दोर ताणण्याचा. आपल्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. निसर्ग आलं ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. अशा दिवसांत वाऱ्याने ढकललेलं पाणी भरतीवर आणखी चढतं. ओहोटीला जेटीला कडक बांधलेली होडी भरतीला वर येऊ बघते, दोर येऊ देत नाही, आणि मग क्लीट, म्हणजे होडीवरचा दोर बांधायचा खुंटा, उखडतं. दोर लांब ठेवा, दूरच्या खांबांना तिरके, पुढून मागे आणि मागून पुढे बांधा. नायलॉनचे घ्या, ते ताणून झटका खातात. जिथे दोर कडेला घासतो तिथे जुन्या जाड पाइपाचा तुकडा चढवा. माझा एक चांगला दोर असाच एका रात्रीत अर्धा कापला गेला होता, तेव्हापासून पाइपाचे तुकडे होडीवरच ठेवतो.

नांगराचं गणित तर कागदावर करता येतं. ओहोटीला तीन मीटर पाणी आणि नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची एक मीटर, म्हणून कुणी वीस मीटर चेन सोडली. पाचपट झाली, समाधान झालं. भरतीला पाणी आठ मीटर होतं, नाळेसकट नऊ. आता ती दुप्पटच उरली. नांगर आडवा ओढला जाण्याऐवजी वर उचलला जातो आणि खाडीच्या मऊ चिखलातून सुटतो. दोन नांगर जवळजवळ टाकले तर वारा फिरल्यावर त्यांच्या चेन एकमेकींत पिळतात. उधाणाची खोली धरून निदान सातपट, जमल्यास दहापट सोडा, आणि तेवढं गोल फिरायला जागा नसेल तर तिथे नांगर टाकूच नका.

शिडं गुंडाळू नका, उतरवा. गुंडाळलेल्या पुढच्या शिडाचं एक टोक सुटलं की ते सगळं उलगडतं आणि डोलकाठीला सोबत घेऊन जातं. वरचं कापडी छत, सोलर पॅनेल, छोटी होडी, सगळं खाली. पाणी निघायच्या भोकांतला तिवरांचा पाला काढा, तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्जपंपाची बॅटरी भरून ठेवा. जेटीवरची वीज जाणारच.

वेळ असेल तर होडी पाण्याबाहेर काढणं या सगळ्याहून बरं. आपले कोळी बांधव पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, ते काही हौसेने नाही.

आणि होडीवर थांबणं. तौक्तेच्या दिवशी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ या कामगार राहत असलेल्या बार्जचे नांगर सुटले, ते भरकटलं, तेलविहिरीच्या एका प्लॅटफॉर्मवर आदळलं आणि बुडालं. ७० हून अधिक माणसं गेली. आपल्या अठ्ठावीस फुटी होडीवर, शंभराच्या वाऱ्यात, रात्री नाळेकडे रांगत जाऊन एकटा माणूस काय करणार? त्या मुलाला मी एवढंच लिहिलं: बांधून झालं की सगळ्या गाठींचे फोटो काढ, होडीचे कागद पिशवीत घे, शेजारच्या होडीवाल्याचा नंबर घे आणि उजेड असतानाच घरी जा.